कल्पना कुणाची, धंदा कुणाचा?

नवा धंदा काढायला निघालेल्या माणसाला दोन भीती असतात. एक, आपली कल्पना चालणार नाही. दुसरी, ती चालेल आणि मग शेजारचा ती उचलेल. पहिल्या भीतीवर बोलायला घरचे, मित्र, बँकेतले साहेब असे सगळे तयार असतात. दुसरीवर मात्र ठरलेले दोनच सल्ले मिळतात: ‘कुणाला काही सांगू नकोस’ आणि ‘पेटंट घेऊन टाक’. पहिला सल्ला तंतोतंत पाळला तर धंदाच उभा राहत नाही, कारण पैसे लावणाऱ्याला, माल पुरवणाऱ्याला आणि गिऱ्हाइकाला काही ना काही सांगावंच लागतं. दुसरा सल्ला बहुतेक लहान धंद्यांना लागूच पडत नाही. यापलीकडे काय करता येतं, कोणत्या क्रमाने करावं आणि त्याला खर्च किती येतो, हे साध्या मराठीत सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

विषय समजून घ्यायला वडापावाइतकं चांगलं उदाहरण नाही. १९६६च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर वडापाव जन्माला आला, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. बटाटेवडा जुना, पाव त्याहून जुना. दोन्ही एकत्र करून उभ्या उभ्या खाता येईल असा स्वस्त घास देणं हे नवं होतं. ही कल्पना पुढे मुंबईभर आणि मग महाराष्ट्रभर पसरली. असंख्य कुटुंबांची चूल तिच्यावर पेटली. यातल्या कुणीही दादरला परवानगी मागायला गेलं नाही आणि कायद्याच्या दृष्टीने तशी गरजही नव्हती.

त्यानंतर साडेतीन दशकांनी, २००१ साली, धीरज गुप्ता यांनी मालाडमध्ये ‘जम्बोकिंग’ सुरू केलं. २००४ साली व्यंकटेश अय्यर यांनी कल्याणमध्ये ‘गोली वडापाव’ काढला. वडापाव तेव्हाही सगळ्यांचाच होता आणि आजही आहे. पण ‘जम्बोकिंग’ ही पाटी दुसरा कुणी आपल्या दुकानावर लावू शकत नाही. फ्रँचायझी घेणाऱ्याला ठरलेल्या करारातून जावं लागतं. वडा कुठे आणि कसा बनतो, दुकानात कसा पोचतो, ही व्यवस्था त्या त्या कंपनीने आपल्या हातात ठेवलेली असते. म्हणजे पदार्थ मोकळा राहिला. त्याच्याभोवती उभं केलेलं नाव, करार आणि काम करण्याची पद्धत यांना मात्र मालक मिळाला. या पुस्तकाचं सगळं सांगणं या एका फरकावर उभं आहे. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, पण ती प्रत्यक्षात आणताना जे जे तयार होतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर असू शकते. फक्त ती वेळेवर आणि योग्य रीतीने मिळवावी लागते.

न्यायालयांनी ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली आहे. आर. जी. आनंद यांचं ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक प्रांतीय भेदभावावर बेतलेलं होतं. १९५६ साली ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला, तेव्हा तो आपल्याच नाटकावरून उचलला आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी दावा लावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७८ साली निकाल लागला, तो त्यांच्या विरोधात. कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो, तो त्यांच्या मांडणीवर असतो, हे तत्त्व त्या निकालाने पक्कं केलं. ज्याची कल्पना गेली त्याला हे कठोर वाटेल. पण उलट बाजूने पाहावं. पहिल्यांदा घरगुती डबे पोचवणाऱ्याला त्या कल्पनेची मालकी मिळाली असती, तर डब्यांवर संसार चालवणाऱ्या पुढच्या प्रत्येक बाईला त्याची परवानगी घ्यावी लागली असती. आज जो नवा धंदा काढतोय तोही कुणाच्या तरी आधीच्या कल्पनेवर पाय ठेवूनच वर चढतोय. कल्पना मोकळी आहे म्हणूनच लहान माणसाला बाजारात शिरता येतं.

मग राखायचं काय? सगळ्यात आधी नाव.

लहान धंद्याकडे सुरुवातीला ना मोठं भांडवल असतं ना यंत्रं. गिऱ्हाइकाच्या तोंडी बसलेलं नाव हीच त्याची खरी कमाई असते. तरीही नावाबाबत मोठा गैरसमज आहे. शॉप अ‍ॅक्टचा दाखला, उद्यम नोंदणी, जीएसटी क्रमांक, एफएसएसएआयचा परवाना हे सगळं फाइलला लावलं की ‘नाव रजिस्टर झालं’ असं अनेकांना वाटतं. कंपनी रजिस्ट्रारकडे कंपनीची नोंद झाली की तर खात्रीच पटते. यातला एकही कागद त्या नावावर ट्रेडमार्कचा हक्क देत नाही. तो हक्क देणारी नोंदणी वेगळी आहे. १९९९चा ट्रेडमार्क कायदा २००३च्या सप्टेंबरमध्ये अमलात आला; त्याखाली माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग आहेत. एकटी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गाला साडेचार हजार रुपये आहे, इतरांना नऊ हजार. अर्ज तपासून झाला की तो जर्नलमध्ये छापला जातो आणि हरकत घ्यायला लोकांना चार महिने मिळतात. नोंदणी दहा वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत कितीही काळ चालवता येते. नोंदणी मिळण्याआधी नावापुढे ‘टीएम’ लिहिता येतं. गोलातलं ‘आर’ मात्र नोंदणीनंतरच. त्याआधी ते छापणं बेकायदा आहे.

नाव निवडतानाच अर्धी लढाई जिंकली किंवा हरली जाते. ‘शुद्ध मसाले’, ‘ताजं पीठ’, ‘घरगुती लोणची’ अशी नावं गिऱ्हाइकाला पटकन कळतात म्हणून आवडतात. पण मालाचं नुसतं वर्णन करणारं नाव कायदा सहजासहजी एकाच्या हाती देत नाही, कारण त्या शब्दांची गरज प्रत्येक मसालेवाल्याला असते. बाकरवडी कुणीही करू शकतो आणि तिला बाकरवडीच म्हणू शकतो. ‘चितळे’ हे नाव पाकिटावर आलं की गोष्ट बदलते. वेगळं, लक्षात राहणारं, मालाशी थेट संबंध नसलेलं नाव सुरुवातीला रुजवायला जड जातं, पण राखायला सोपं असतं.

नोंदणी नसली तरी सगळं संपत नाही. अहमदाबादमध्ये १९८२पासून ‘मुक्तजीवन कलर लॅब’ नावाचा फोटो स्टुडिओ चालत होता. त्याच शहरात दुसऱ्यांनी ‘मुक्तजीवन’ हा शब्द घेऊन तोच धंदा सुरू केला. मूळ मालकाला खालच्या न्यायालयांत मनाई मिळाली नाही. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दिली. आपला माल किंवा सेवा दुसऱ्याची आहे असं भासवून गिऱ्हाईक वळवणं कायद्याला मान्य नाही, मग ते नाव नोंदलेलं असो वा नसो. मात्र त्यासाठी आपण ते नाव आधीपासून वापरतोय आणि लोक त्या नावावरून आपल्यालाच ओळखतात, हे सिद्ध करावं लागतं. पहिली बिलं, पहिल्या जाहिरातीचं कात्रण, पाटी रंगवणाऱ्याची पावती, तारखेसह फोटो हे कागद तेव्हा कामाला येतात. रद्दीत जाणाऱ्या या कागदांची फाइल कशी ठेवावी, यावर पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते वाचकाने वगळू नये असं मला मनापासून वाटतं.

नावाबरोबर रूपही येतं. मुंबईच्या पार्ले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनासारखं दिसणारं वेष्टन म्हैसूरच्या एका कंपनीने वापरलं, तेव्हा १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन वेष्टनं शेजारी ठेवून बारीकसारीक फरक मोजत बसायचं नाही. साधं गिऱ्हाईक मनात एक एकूण ठसा घेऊन दुकानात येतं, तो ठसा सारखा आहे का ते पाहायचं. रंग, चित्र, अक्षराचं वळण, मजकुराची जागा हे सगळं मिळून पाकीट बोलतं. म्हणून पहिलं पाकीट छापतानाच ते विचारपूर्वक ठरवावं आणि पुढे उगाच बदलत राहू नये.

नावाच्या बाबतीत उशीर झाला तरी बऱ्याचदा सावरता येतं. पेटंट आणि डिझाइन यांच्या बाबतीत तशी सवलत फारशी नाही. इथे एकच नियम सगळ्यांच्या वर आहे: आधी अर्ज, मग बोलणं. नव्या यंत्राचा, अवजाराचा, प्रक्रियेचा शोध अर्ज करण्याआधी जगजाहीर झाला, की तो ‘नवा’ उरत नाही. कृषी प्रदर्शनात उत्साहाने मांडलेलं अवजार, इन्स्टाग्रामवर टाकलेला व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात फिरलेला फोटो यांतून हक्क निसटतो. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना बारा महिन्यांची सूट आहे, पण गावोगावची बहुतेक प्रदर्शनं त्यात बसत नाहीत. शोध अजून अर्धवट असेल तर तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज करून तारीख पकडता येते आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांचं असतं. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. तपासणीचं शुल्क आणि जाणकाराची फी वेगळी. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात.

पण पेटंट कशाला मिळत नाही, हे आधी कळलं तर पुष्कळांचे पैसे वाचतील. १९७०च्या पेटंट कायद्याचं कलम ३ नीट वाचावं. धंदा करण्याची पद्धत, गणिती रीत, निव्वळ संगणक प्रोग्रॅम यांना पेटंट नाही. ‘अ‍ॅपवरून भाजी आदल्या दिवशी मागवायची आणि सकाळी सोसायटीच्या गेटवर घ्यायची’ ही कल्पना कितीही चांगली असली तरी तिच्यावर पेटंट मिळणार नाही. परंपरेने चालत आलेल्या ज्ञानावरही नाही. हळदीने जखम भरते या गुणावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुन्या ग्रंथांतले पुरावे समोर ठेवले आणि १९९७ साली ते रद्द झालं. या लढाईतून लहान उद्योजकानेही एक गोष्ट घ्यावी. जे छापून प्रसिद्ध झालेलं आहे त्यावर नंतर कुणालाच पेटंट घेता येत नाही. आपल्याला पेटंटचा खर्च परवडत नसेल आणि दुसऱ्याने ते घेऊन आपल्यालाच अडवू नये एवढंच हवं असेल, तर आपली युक्ती तारखेसह प्रसिद्ध करणं हाही एक मार्ग आहे.

वस्तूच्या दिसण्यासाठी, म्हणजे आकार, नक्षी, ठेवण यांसाठी, २०००चा डिझाइन कायदा आहे. दहा वर्षांचं संरक्षण, पुढे पाच वर्षं वाढवता येतं. इथे एक खड्डा आहे. ज्या नमुन्याची डिझाइन म्हणून नोंदणी होऊ शकत होती पण केली नाही, आणि त्याच्या पन्नासहून जास्त प्रती यंत्राने किंवा औद्योगिक पद्धतीने काढल्या, त्यावरचा कॉपीराइटही संपतो. दागिन्यांचे साचे करणाऱ्या, फर्निचर बनवणाऱ्या, कापडावर छाप काढणाऱ्या लोकांनी हे कलम ओळखीच्या वकिलाकडून समजून घ्यावं.

आता उरतं ते गुपित: मसाल्याचं प्रमाण, भट्टीचं तापमान, कच्चा माल कुठून आणि काय भावाने येतो, कोणत्या गिऱ्हाइकाला काय दर लावला जातो. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा अजून नाही. २०२४ साली विधी आयोगाने २८९व्या अहवालात तो करावा अशी शिफारस केली. तोवर करार आणि विश्वासभंगाचं तत्त्व यांवरच भागवावं लागतं. त्यांची ताकद किती, हे आपल्याच भागातली दोन प्रकरणं सांगतात. कल्याणच्या सेंच्युरीच्या कारखान्यात निरंजन गोलिकरी टायर कॉर्डच्या विभागात काम करत. ते तंत्र कंपनीने गुप्ततेच्या अटीवर हॉलंडच्या कंपनीकडून घेतलं होतं. पाच वर्षांचा करार असताना ते मध्येच सोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या मुदतीपुरती कंपनीची बाजू मान्य केली. पण नोकरी संपल्यानंतर ‘असा धंदाच करायचा नाही’ ही अट मात्र १८७२च्या करार कायद्याच्या कलम २७मुळे सहसा टिकत नाही. माणसाच्या हातातलं कसब त्याचं स्वतःचं असतं. मालकाचं गुपित मालकाचं. दोहोंतली रेघ करारात जितकी स्पष्ट, तितकी ती नंतर उपयोगी पडते.

दुसरं प्रकरण २००३चं, मुंबई उच्च न्यायालयातलं. सनडायल या निर्मिती संस्थेने एका मालिकेची संकल्पना झी टेलिफिल्म्सला विश्वासाने सांगितली होती. पुढे तशीच मालिका आल्यावर सनडायल न्यायालयात गेली आणि मनाई मिळाली. नुसत्या कल्पनेला मालक नसतो असं आपण वर पाहिलं. मग इथे काय वेगळं होतं? कल्पना लेखी, तपशीलवार, ओळखता येईल इतकी पक्की झाली होती आणि ती विश्वासाच्या नात्यात सांगितली गेली होती. कुणाला, कधी, काय आणि कोणत्या बोलीवर सांगितलं याचा पुरावा असेल, तर कल्पनाही राखता येते. म्हणून भेटीआधी गोपनीयतेचा करार करावा. समोरचा सही करत नसेल, आणि गुंतवणूकदार बऱ्याचदा करत नाहीत, तर त्याला गरजेपुरतंच सांगावं: फायदा काय होतो ते सांगावं, कसा होतो ते नाही. भेट झाल्यावर त्याच दिवशी ‘आज दाखवलेली माहिती गोपनीय आहे’ असा ईमेल पाठवावा. स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने बंद पाकीट पाठवण्याची जुनी युक्ती अजून सांगितली जाते. त्यातून फार तर तारीख दिसते. हक्क तयार होत नाही.

नक्कल करणारा नेहमी अनोळखी असतो असंही नाही. धंद्याच्या आतूनच बऱ्याचदा ती सुरू होते, आणि याचं कारण दुष्टपणापेक्षा न बोललेल्या गोष्टी हे असतं. लोगो काढून देणाऱ्या मुलाला पैसे दिले, म्हणजे लोगोचा कॉपीराइट आपोआप आपला झाला असं धरून चालू नये. लेखी हस्तांतर करून घ्यावं. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता, हे थोड्यांनाच ठाऊक असतं. अ‍ॅप किंवा वेबसाइट करून देणाऱ्याचंही तेच. भोसरीत किंवा शिरोलीत डाय बनवायला दिली, तर डाय कुणाच्या मालकीची, ती कुठे राहील आणि तिच्यावर दुसऱ्यासाठी माल काढायचा नाही, हे ऑर्डरवरच लिहावं. भागीदारी मोडली तर नाव कुणाकडे राहील हे भागीदारी पत्रात पहिल्या दिवशी लिहिणं अवघड वाटतं, कारण तेव्हा सगळे एकमेकांचे असतात. नेमकं म्हणूनच ते तेव्हा शांतपणे लिहिता येतं. वेबसाइटचं नाव, सोशल मीडियाचं खातं, ऑर्डर येणारा मोबाइल क्रमांक कुणाच्या नावावर आहे, हेही तिथेच नोंदवावं. भाऊ, दीर, मावसभाऊ यांच्याशी कागद करण्यात अविश्वास नाही. उद्या गैरसमज होऊ नये म्हणून घेतलेली ती काळजी आहे.

हक्क असणं आणि तो बजावणं यांतलं अंतरही वाचकाने ओळखावं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाच्या नावाची नोंदणी, मिळाला; महाराष्ट्र आणि कर्नाटकातले प्रत्येकी चार जिल्हे त्यात आहेत. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला कोल्हापूरचा उल्लेख न करता दाखवल्या. इथे संताप उसळला आणि त्यांची प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलांची आहे, हे कंपनीने मान्य केलं. पण उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका टिकली नाही. ज्यांच्या नावावर नोंदणी आहे त्यांनी यावं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. लोकांच्या रागाने त्या चपलेमागच्या कारागिरांकडे जगाचं लक्ष गेलं, हे खरंच. न्यायालयात मात्र राग उपयोगी पडत नाही. नोंदणीचा धनी स्वतः उभा राहावा लागतो. लहान उद्योजकाच्या बाबतीत तो धनी तो स्वतःच असतो. बाजारावर नजर ठेवणं, नक्कल दिसताच पुरावा गोळा करणं, आधी समजुतीचं पत्र, मग वकिलाची नोटीस आणि शेवटी दावा, या पायऱ्या त्यालाच चढाव्या लागतात. दाव्याला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून कोणत्या नकलेमागे धावायचं आणि कोणती सोडून द्यायची हेही ठरवावं लागतं. पुस्तकाचा शेवटचा भाग या निर्णयाबद्दल आहे.

आणखी एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. हे पुस्तक जसं आपलं राखण्यासाठी आहे, तसं दुसऱ्याचं न ओरबाडण्यासाठीही आहे. दुसऱ्याचा धंदा पाहून शिकणं, त्याच्याहून चांगला माल काढणं, कमी भावात देणं ही सचोटीची स्पर्धा आहे. त्याचं नाव किंचित फिरवून लावणं, त्याच्या कामगाराकडून प्रमाण काढून घेणं, त्याच्या पाकिटासारखं पाकीट छापणं ही लबाडी आहे. ज्या बाजारात ही रेघ पाळली जाते तिथे नवं काही करून पाहायची हिंमत होते. ती पाळली जात नाही तिथे सगळे एकमेकांचंच करत बसतात आणि भाव पाडून एकत्र बुडतात.

पुस्तक हाती घेण्यापूर्वी वाचकाने आपल्या धंद्याच्या तीन याद्या कराव्यात: सगळ्यांना सांगता येईल असं काय आहे, सही घेऊनच सांगायचं काय आहे, आणि कुणालाच सांगायचं नाही असं काय आहे. मग जाहीर करण्याआधी ज्याचा अर्ज व्हायला हवा, त्यापुढे तारीख टाकावी. पेटंट किंवा डिझाइन लागू पडत नसेल, आणि बहुतेकांना ते लागू पडणार नाही, तर कामाची सुरुवात नावापासून करावी. सरकारच्या ट्रेडमार्क शोधात आपलं नाव आधी कुणी घेतलं आहे का हे कुणालाही घरबसल्या पाहता येतं आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. पाटी रंगवायला देण्याआधी, पाकिटं छापण्याआधी आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी नाव बसण्याआधी तो शोध घ्यावा. त्या दिवशी नाव बदलणं सगळ्यात स्वस्त असतं.